खाणीत नसलेला ऑक्सिजन

ओरेस्ता यारेमा ही माझी सख्खी धाकटी बहीण. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की वासिल तिची बाजू घेतोय. घेतोयच. आमच्या क्रास्नो गावात तिच्यासारखी बाई झाली नाही, आणि कॅनडातल्या आख्ख्या सस्कॅचेवान प्रांतात तिच्यासारखी बहीण कुणाला असेल तर त्यानं माझ्यासमोर यावं.

तिच्याबद्दल गाव काय बोलतं ते मी पोस्टात ऐकलंय, पेट्रोलपंपावर ऐकलंय, आइस हॉकीच्या रिंकवर तर माझ्या पाठीमागच्या बाकावरच ऐकलंय. हुशार आहे पण जिभेला हाड नाही. शिकवते चांगलं पण मोठ्या माणसांशी वागता येत नाही. असं बोलणाऱ्यांची निम्मी पोरं तिच्या हाताखालून जाऊन नर्स झाली, इंजिनियर झाली. पोरांची बढती झाली की आईबाप केक वाटतात, आणि बाईंचं नाव निघालं की नाक मुरडतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लहानपणापासून ती अशीच. आमच्या शेतावर गाईंना चाटायला मिठाचा ठोकळा ठेवलेला असायचा. एकदा बघतो तर गाय एका बाजूनं चाटतेय आणि ही दुसऱ्या बाजूनं. आमचा बाप, त्याला आम्ही तातो म्हणायचो, हसून हसून कुंपणाला टेकला. ओरेस्ताला हसू नाही. तिचा प्रश्न तयार.

"तातो, हे कशाचं आहे?"

"मिठाचं."

"आणि मीठ कशाचं?"

"मीठ मिठाचंच असतं, बाळा."

"असं कसं? काहीतरी कशाचं तरी असणारच ना!"

तातोनं तिला उचलून घरात नेलं. त्याचं उत्तर मला आज येतं ते तिनं शिकवलंय म्हणून. सोडियम क्लोराइड. पुढं आमच्या गावात जमिनीखाली पोटॅश, म्हणजे खताचं मीठ, सापडलं, खाण निघाली, तातो खाणीत उतरायची विहीर खणणाऱ्या पहिल्या टोळीत गेला आणि मी नववीत शाळा सोडून वेल्डर झालो. चांगला वेल्डर. मी जोडलेलं तुटलेलं दाखवा, टोपी खातो. मी खाणीत गेलो म्हणून घर चाललं आणि ओरेस्ता शिकली. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, अभिमान म्हणून सांगतो. तिला सॅस्कटूनमध्ये मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. ती लाथाडून ती क्रास्नोच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला परत आली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "इथली पोरं रोज त्या मिठावर झोपतात आणि ते काय आहे हे कुणाला माहीत नाही. लाज वाटते मला."

तिची शिकवायची तऱ्हा तिची स्वतःची. आमच्याकडं थंडी म्हणजे काय ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. हातमोजा हरवला तर बोटं जातात. म्हणून तिनं सगळं रसायनशास्त्र हातमोज्यांवर बसवलं. हातमोजा म्हणजे इलेक्ट्रॉन. धातू म्हणजे ज्याच्याकडं जास्तीचे हातमोजे आहेत तो. पोटॅशियमकडं एक जास्तीचा. कॅल्शियमकडं दोन. अधातू म्हणजे ज्याचे हात उघडे. क्लोरीनचा एक हात उघडा, ऑक्सिजनचे दोन. ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायचं, ज्याला हवं त्यानं घ्यायचं, आणि दिल्याघेतल्यावर दोघांनी एकमेकांना चिकटून राहायचं. नियम एकच: शेवटी कुणाचा हात उघडा राहता कामा नये आणि एकही हातमोजा उरता कामा नये.

मग पोरांना उभं करायची. "तू कॅल्शियम. दोन हातमोजे आहेत तुझ्याकडं. क्लोरीन किती लागतील?"

"दोन, मिस."

"मग सूत्र?"

"CaCl₂."

"आणि हे कुठं बघितलंस?"

"खडीच्या रस्त्यावर, मिस. धूळ बसावी म्हणून मारतात ते."

"शाब्बास. आता लोखंड ये. लोखंड लबाड आहे, कधी दोन देतं कधी तीन. म्हणून त्याच्या नावात किती दिले ते सांगायचंच, नाहीतर फसवेल."

नाव ठेवायचं तेही असंच. धातू पहिला, आणि त्याचं नाव आहे तेच राहतं. दुसऱ्याचं बदलतं. क्लोरीनचं क्लोराइड होतं, ऑक्सिजनचं ऑक्साइड. एकदा पालकसभेत कुणीतरी खोचकपणे विचारलं, मिस यारेमा, तुम्ही लग्न नाही केलंत ते का? तर ही म्हणाली, "मी धातू आहे. मला नाव बदलायचं नव्हतं." सगळी सभा हसली. विचारणारा सोडून.

आता खऱ्या गोष्टीकडं येतो. माझं डोकं अजून तापतं, म्हणून नीट सांगता आलं नाही तर सांभाळून घ्या.

आमच्या गावची पोरं एक चूक करतात जी जगात दुसरीकडं कुठली पोरं करत नसतील. जमिनीखालून आपण काय काढतो त्याचं सूत्र लिहा म्हटलं की ती लिहितात K₂O. दरवर्षी. हुशारातली हुशारसुद्धा. कारण घरात तेच बघितलेलं असतं. खताच्या पोत्यावर K₂O, बापाच्या टोपीवर K₂O, हॉकीच्या जर्सीवर K₂O. जेवताना बाप सांगतो, आज माल बासष्ट टक्के K₂O निघाला. पोरगं काय करणार? आणि खाणीतून निघतं ते K₂O नाहीच. निघतं ते KCl, पोटॅशियम क्लोराइड, लालसर गुलाबी मीठ. पूर्वीच्या काळी लाकडाच्या राखेतून खत काढायचे तेव्हा त्याचा दम K₂O मध्ये मोजायची रीत पडली, ती अजून चालू आहे. नुसतं माप.

ओरेस्ता चिडून सांगायची, "दुधाचा भाव फॅटवर लागतो म्हणून गाईच्या सडातून लोणी येतं असं म्हणता का तुम्ही? माप वेगळं, माल वेगळा! पोतं फोडा आणि त्यातला ऑक्सिजन दाखवा मला. खाणीत खरंच K₂O असतं ना, तर तुमच्या बापाचा घाम लागून त्याचा जाळणारा अल्कली झाला असता आणि बाप घरी कातडीशिवाय आला असता."

पोरं हसायची आणि जन्मभर विसरायची नाहीत.

खाणीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावानं ठरवलं, हायवेच्या फाट्यावर आपलंही काहीतरी मोठ्ठं उभारायचं. आमच्या मुलखाची ही हौसच आहे. कुठल्या गावानं दोन मजली बदक उभारलंय, कुठं घराएवढं रंगीत अंडं, कुठं कॉफीची किटली. आमच्या समितीचा प्रमुख होता आमचा मेयर, लॉयड गुस्ताफसन, ट्रॅक्टर विकणारा. शाळेच्या मंडळावरही तोच. त्यानं ठरवलं, पोटॅशचा स्फटिक. चौकोनी, गुलाबी, पोलादाचा. बांधला कुणी? मीच. तीन पत्रे कोपऱ्यात असे जोडले की सांधा कुठं आहे ते बोटानं सापडणार नाही. हायवेवरून जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात, ते माझ्या कामाचे. समोरच्या अंगावर माणसाएवढी अक्षरं लावायची होती. लॉयडनं नमुना दिला: K₂O.

ओरेस्ताच्या कानावर गेलं. ती थेट गावसभेत उभी राहिली.

"लॉयड, फाट्यावर लावताय ते चूक आहे."

"काय चूक आहे, मिस यारेमा? रंग?"

"सूत्र. आपल्याकडं पोटॅशियम क्लोराइड निघतं. तुम्ही पोटॅशियम ऑक्साइड लिहिताय."

"आख्खं जग K₂O म्हणतं."

"आख्खं जग मापतं. तुम्ही माल म्हणून लिहिताय. शाळेच्या खिडकीतून दिसतं ते. मी वर्गात एक सांगायचं आणि पोरांनी मान वळवून दुसरं वाचायचं?"

लॉयड खुर्चीत मागं रेलला. "ओरेस्ता, तुला ठाऊक आहे तुझी अडचण काय आहे? घरी कुणी नाही ना भांडायला. म्हणून गावाशी भांडतेस."

आणि लोक हसले. माझ्या शिफ्टची माणसं हसली. मी उठलो तर ओरेस्तानं खाली बसायची खूण केली. चेहरा असा पांढरा पडला होता तिचा. "अक्षरं बदलायला दोन तास लागतील," ती एवढंच म्हणाली. "माझ्या भावाला विचारा."

"दीड," मी म्हणालो.

त्यांनी मतदान घेतलं. K₂O राहिलं.

इथं थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. बसलो नसतो, पण असो. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर डकवर्थनं तिला बोलावलं. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. हा भित्रा आहे. म्हणाला, मंडळाचा विचार चाललाय की क्रास्नोसारख्या लहान शाळेत रसायनशास्त्र चालवणं परवडत नाही. बारावीची पोरं बसनं शेजारच्या गावच्या शाळेत न्यावीत. तुम्ही खालच्या वर्गांना सामान्य विज्ञान शिकवा.

"हे कधी ठरलं?"

"ठरलं नाहीये अजून. लॉयड म्हणतो, सुगीच्या जेवणाला तुम्ही उभ्या राहून दोन शब्द बोललात, की सूत्राबद्दल माझी चूक झाली, गावाची माफी मागते, तर मंडळ पुन्हा विचार करेल."

ती माझ्याकडं आली ती थेट स्वयंपाकघरात. माझी बायको पिरोहीचं, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्यांचं, पीठ मळत होती, तिच्या हातातनं ओढून ही स्वतः मळायला लागली. मळत कसली होती, मारत होती.

"माफी मागून टाक," माझी बायको म्हणाली. "दोन शब्द. पोरांसाठी."

"पोरांसाठीच तर नाही मागता येत! माझ्या वर्गातली सगळी पोरं त्या जेवणाला असतात. त्यांच्यासमोर मी K₂O म्हणू? मग उद्या मी काहीही सांगितलं तर त्यांनी का ऐकावं?"

"आणि नाही म्हटलंस तर?" मी विचारलं.

"तर वर्ग जातो." पीठ तिनं पाटावर आपटलं. "माझा वर्ग जातो, वासिल. मला दुसरं काय आहे रे?"

माझ्या बहिणीला रडताना मी तातो गेला तेव्हाही बघितलं नव्हतं. त्या दिवशीही रडली नाही. पण आवाज फाटला तिचा. मी म्हणालो, मी लॉयडच्या दुकानाचं दार बाहेरून वेल्ड करून टाकतो, त्याला आत ठेवून. ती म्हणाली, "तू काहीएक करायचं नाहीस. तुझी नोकरी आहे."

सुगीचं जेवण रविवारी चर्चच्या तळघरात. टर्की, पिरोही, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, सगळं गाव लांब टेबलांवर खांद्याला खांदा लावून. जेवण झाल्यावर लॉयडनं चमच्यानं पेला वाजवला. "आपल्या मिस यारेमांना काहीतरी सांगायचंय."

ओरेस्ता उठली. निळा ड्रेस घातला होता, आईचा ब्रोच लावला होता. तिची बारावीची पोरं कोपऱ्यातल्या टेबलावर होती. सगळी ताटात बघत होती. मुलांना सगळं माहीत असतं.

"मला गावाला सांगायचंय," ती म्हणाली, "की K₂O हे सूत्र बरोबर आहे."

लॉयडनं मान डोलावली. डकवर्थनं श्वास सोडला.

"ऑक्सिजनचे दोन हात उघडे. पोटॅशियमकडं एकच हातमोजा. म्हणून पोटॅशियम दोन लागतात. एकही हातमोजा उरत नाही, एकही हात उघडा राहत नाही. अगदी बरोबर जमलेलं सूत्र आहे. पोटॅशियम ऑक्साइड." मग तिनं लॉयडकडं बघितलं. "फक्त ते आपल्या खाणीत नाही. कधी नव्हतं. आणि मी ते आहे म्हणून सांगणार नाही, भाकरी मिळाली तरी नाही आणि भाकरी गेली तरी नाही."

ती बसली. कुणी टाळी वाजवली नाही.

लॉयडचा चेहरा बीटच्या सुपासारखा लाल झाला. उभा राहिला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: "मंडळाचा निर्णय झालेला आहे. उद्यापासून बारावीचं रसायनशास्त्र बसनं. साडेआठला शाळेसमोर."

म्हणजे निर्णय आधीच झाला होता! बस आधीच ठरली होती! नुसतं तिला वाकवून बघायचं होतं. मी टेबल उलटवणार होतो, पण माझ्या बायकोनं माझा पट्टा मागून धरला होता. ओरेस्तानं कोट घातला, आईचा डबा उचलला, ज्यातनं ती पिरोही घेऊन आली होती, आणि जिना चढून गेली. मागं वळली नाही. चारशे माणसांचं गाव, आणि एकजण उठून तिच्यासाठी दार धरायला गेला नाही. मी गेलो. मी तिचा भाऊ आहे, माझं काय कौतुक? दुसरं कुणी नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

रात्रभर मला झोप नाही. उजाडायला लागल्याबरोबर ट्रकमध्ये गॅसच्या टाक्या टाकल्या, पोलाद कापायचा टॉर्च टाकला, अक्षरांसाठी पत्रा टाकला, शिडी टाकली. मी जोडलं, मीच कापणार. दोन आणि ओ खाली, सी आणि एल वर. एल धाकटा, सीच्या अंगाशी, तिनंच शिकवलंय. लॉयडला पोलीस बोलवायचे तर बोलवू दे.

फाट्यावर पोचलो तर गवतावर दहिवर गोठलेलं, आणि स्फटिकासमोर माणसं उभी. ओरेस्ता, आणि तिची बारावीची सगळी पोरं. कुणी जेवणाच्या रात्रीचेच कपडे घालून आलं होतं. रस्त्यापलीकडं शाळेसमोर पिवळी बस उभी होती, दार उघडं, आत बसवाल्याशिवाय कुणी नाही. डकवर्थ शाळेच्या पायरीवर उभा राहून हाक मारत होता, "मुलांनो! बस! बस!" पोरं वळूनसुद्धा बघत नव्हती.

मी शिडी लावली. टॉर्च पेटवला.

"वासिल, तो विझव."

"ओरे, दीड तासात..."

"विझव म्हणते ना! हात लावायचा नाही त्याला." हातात खडू नव्हता, तर हातमोज्याचं बोट तिनं माझ्या अक्षरांकडं केलं. "याहून मोठा फळा मला उभ्या आयुष्यात मिळणार नाही. यातली चूक घासून काढलीस तर मी काय शिकवू?"

मग पोरांकडं वळली, जसं मी तिथं नव्हतोच.

"कार्ली. वर काय लिहिलंय?"

कार्ली म्हणजे लॉयडच्या भावाची पोरगी. थंडीनं नाक लाल झालेलं. "पोटॅशियम ऑक्साइड, मिस."

"सूत्र जमतंय?"

"जमतंय, मिस."

"आणि पायाखाली काय आहे?"

"पोटॅशियम क्लोराइड, मिस." सगळ्यांनी एकदम. पार रस्त्यापलीकडं ऐकू गेलं असणार, कारण बसवाल्यानं इंजिन बंद केलं. खिडकीतून डोकं काढून थोडा वेळ ऐकत बसला, मग दार ओढलं आणि रिकामी बस घेऊन निघून गेला.

मी टॉर्च विझवला. शिडी मात्र लावलेलीच ठेवली, लॉयड आला तर त्यालाही वर्गात बसायला.